डीसी लाइनवर रिॲक्टिव्ह पॉवर नसते, तरी एचव्हीडीसी स्टेशनला ती का लागते?

एचव्हीडीसी म्हणजे उच्च व्होल्टेजच्या डीसीने वीज दूर नेण्याची पद्धत. ॲक्टिव्ह पॉवर प्रत्यक्ष काम करते आणि मेगावॉटमध्ये मोजतात; रिॲक्टिव्ह पॉवर काम न करता ग्रिड आणि उपकरण यांच्यात मागे-पुढे होते आणि मेगाव्हारमध्ये मोजतात. प्रश्न तीन भागांचा आहे. डीसी लाइनवर फेज अँगल नसतो, तर ॲक्टिव्ह पॉवर किती आणि कोणत्या दिशेने जायची हे ठरते कसे? लाइनवर रिॲक्टिव्ह पॉवर मुळीच वाहत नाही, तर दोन्ही टोकांच्या स्टेशनांत शेकडो मेगाव्हारचे फिल्टर आणि कपॅसिटर का बसवावे लागतात? आणि पॉवरची दिशा उलटवली की रिॲक्टिव्ह पॉवरचीही दिशा उलटते का? तिसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. थायरिस्टरच्या, म्हणजे हव्या क्षणी चालू करता येणाऱ्या पण हवे तेव्हा बंद न करता येणाऱ्या सेमीकंडक्टर स्विचच्या, स्टेशनात ती उलटत नाही. पॉवर कोणत्याही दिशेला जात असो, दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर (एसीचे डीसी किंवा डीसीचे एसी करणारे संच) आपापल्या एसी ग्रिडमधून रिॲक्टिव्ह पॉवर घेतच राहतात. हे असे का होते हे नीट उमगले की बाकीच्या शंका बहुतांशी सुटतात, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे.

प्रथम ॲक्टिव्ह पॉवर. एसी लाइनवर ती दोन टोकांच्या व्होल्टेजमधील फेज अँगलवर आणि मधल्या रिॲक्टन्सवर ठरते, तर रिॲक्टिव्ह पॉवर मुख्यतः दोन व्होल्टेजच्या मापातील फरकानुसार वाहते. डीसी लाइनवर स्थिर अवस्थेत इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स दोन्ही हिशेबातून बाहेर पडतात आणि उरतो तो केवळ तारेचा रेझिस्टन्स. करंट म्हणजे दोन टोकांच्या डीसी व्होल्टेजमधील फरक भागिले हा रेझिस्टन्स, आणि पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. एवढेच साधे गणित आहे. एका पोलचे, म्हणजे लाइनच्या धन आणि ऋण बाजूंपैकी एकीचे, उदाहरण घेऊ. पाठवणाऱ्या टोकाला ५०० किलोव्होल्ट, लाइनचा रेझिस्टन्स १० ओहम आणि करंट १५०० अँपिअर असेल, तर लाइनवर १५ किलोव्होल्ट खर्च होतात आणि पलीकडे ४८५ किलोव्होल्ट पोहोचतात. पाठवले ७५० मेगावॉट, मिळाले ७२७.५ मेगावॉट, आणि २२.५ मेगावॉट उष्णतेत गेले.

या उदाहरणातली नजरेत भरायला हवी अशी गोष्ट म्हणजे सगळी पॉवर दोन टोकांच्या व्होल्टेजमधील अवघ्या तीन टक्के फरकावर चालली आहे. समजा, घेणाऱ्या टोकाचे व्होल्टेज अचानक दहा टक्क्यांनी, म्हणजे ४८.५ किलोव्होल्टने पडले आणि पाठवणारे टोक जागचे हलले नाही, तर फरक ६३.५ किलोव्होल्ट होईल आणि करंट १५०० वरून ६३५० अँपिअरकडे धावेल. ट्रान्सफॉर्मरच्या रिॲक्टन्समुळे प्रत्यक्षात तो इतका चढणार नाही, पण धोक्याची जात तीच राहते. एचव्हीडीसी लाइन नियंत्रणाविना चालूच शकत नाही, ती याच कारणाने.

म्हणून कामाची वाटणी ठरलेली असते. रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारे पाठवणारे टोक, करंट धरून ठेवतो आणि इन्व्हर्टर, म्हणजे डीसीचे पुन्हा एसी करणारे घेणारे टोक, डीसी व्होल्टेज धरून ठेवतो, किंवा आपला एक्स्टिंक्शन अँगल (थायरिस्टर विझण्यासाठी राखलेला वेळ, अंशांत) सुरक्षित मर्यादेत राखून ते अप्रत्यक्षपणे धरतो. ऑपरेटर मेगावॉटमध्ये आदेश देतो, कंट्रोलर त्याला मोजलेल्या डीसी व्होल्टेजने भागून करंटचा आदेश काढतो, आणि रेक्टिफायरचा फायरिंग अँगल (थायरिस्टर पेटवण्याला केलेला उशीर, अंशांत) काही मिलिसेकंदांत त्यानुसार सरकतो. इन्व्हर्टरकडेही करंट कंट्रोलर असतो. त्याचा आदेश साधारण दहा टक्क्यांनी कमी ठेवलेला असतो, म्हणजे रेक्टिफायरकडचे एसी व्होल्टेज पडून तो हतबल झाला तर इन्व्हर्टर करंट सांभाळतो आणि लाइन पूर्ण बंद पडत नाही. दिशा बदलताना करंटची दिशा बदलता येत नाही, कारण थायरिस्टर एकाच बाजूने वाहू देतो. त्याऐवजी दोन्ही टोकांचे अँगल ९० अंशांच्या पलीकडे-अलीकडे सरकवून लाइनच्या व्होल्टेजची पोलॅरिटी उलटवतात. करंट तसाच राहतो आणि पॉवरचे चिन्ह बदलते.

आता मूळ मुद्दा. थायरिस्टर व्हॉल्व्हवर (एकापाठोपाठ जोडलेल्या थायरिस्टरांच्या स्विचवर) पुढच्या दिशेचे व्होल्टेज आल्याशिवाय तो पेटत नाही, म्हणजे वाहू लागत नाही. ज्या क्षणी ते व्होल्टेज येते तेथून फायरिंग अँगल, म्हणजे अल्फा, मोजतात. अल्फा शून्य असेल तर तो व्हॉल्व्ह साध्या डायोडसारखा वागतो. नियंत्रणासाठी आपल्या हाती एकच उपाय असतो, तो म्हणजे पेटवण्याला उशीर करणे; लवकर पेटवणे शक्य नसते. उशीर झाला की त्या फेजचा करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, आणि मागे पडलेला करंट म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरची मागणी. ओव्हरलॅप (तो काय हे पुढे येते) बाजूला ठेवला, तर करंटचा मूळ फ्रिक्वेन्सीचा भाग व्होल्टेजपेक्षा अल्फाइतकाच मागे असतो.

इन्व्हर्टरकडे अल्फा, समजा, १४० अंश आहे. ॲक्टिव्ह पॉवर कोसाइनवर अवलंबून असते आणि १४० अंशांचा कोसाइन ऋण आहे, म्हणून पॉवर डीसीकडून एसीकडे जाते. रिॲक्टिव्ह पॉवर साइनवर अवलंबून असते, आणि शून्यापासून १८० अंशांपर्यंत साइन सर्वत्र धनच असतो. म्हणून कोसाइनने चिन्ह बदलले तरी साइन बदलत नाही. चिन्ह बदलायचे तर अल्फा शून्याच्या अलीकडे किंवा १८० च्या पलीकडे न्यावा लागेल आणि दोन्ही वाटा बंद आहेत. शून्याच्या अलीकडे व्हॉल्व्हला पुढचे व्होल्टेज नसते. १८० च्या पलीकडे जाणाऱ्या व्हॉल्व्हला विझण्यासाठी लागणारे उलटे व्होल्टेज मिळत नाही. हा थायरिस्टरचाच स्वभाव आहे आणि कोणत्याही हुशार कंट्रोलने तो बदलत नाही.

दुसरी एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो, कारण विद्यार्थ्यांचा घोळ बहुधा येथे होतो. ही रिॲक्टिव्ह पॉवर लाइनवरून पलीकडे जात नाही आणि पलीकडून येतही नाही. ती त्या-त्या टोकाच्या एसी फेजमध्येच फिरते. एका टोकाच्या ग्रिडमध्ये मेगाव्हार मुबलक असले तरी दुसऱ्या टोकाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. प्रत्येक टोकाने आपली सोय आपल्याच बसवर (स्टेशनातील एसी जोडण्यांच्या सामायिक वाहकावर) करायची असते, आणि एसी लाइनवरून आलेल्या अभियंत्याला हे पचायला थोडा वेळ लागतो.

आता आकडे. ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज रिॲक्टन्समुळे करंट एका व्हॉल्व्हवरून दुसऱ्यावर झटक्यात उडी मारू शकत नाही. काही अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र वाहतात. या ओव्हरलॅपमुळे करंट आणखी मागे पडतो. पॉवर फॅक्टरचा चांगला अंदाज म्हणजे अल्फाचा कोसाइन आणि अल्फा अधिक ओव्हरलॅपचा कोसाइन यांची सरासरी. रेक्टिफायरवर अल्फा १५ अंश आणि पूर्ण लोडला ओव्हरलॅप २२ अंश धरला तर पॉवर फॅक्टर ०.८८ येतो, म्हणजे दर मेगावॉटमागे ०.५३ मेगाव्हार. दोन्ही पोल मिळून १५०० मेगावॉट जात असतील तर एकट्या रेक्टिफायरला ८०० मेगाव्हार लागतात. इन्व्हर्टरकडे एक्स्टिंक्शन अँगल, म्हणजे गॅमा, १८ अंश आणि ओव्हरलॅप २० अंश धरला तर १४५५ मेगावॉटसाठी साधारण ८२५ मेगाव्हार. दोन्ही टोके मिळून रिॲक्टिव्ह पॉवरची मागणी पाठवलेल्या ॲक्टिव्ह पॉवरपेक्षा जास्त झाली. पॉवरच्या ५० ते ६० टक्के मेगाव्हार प्रत्येक टोकाला लागतात असे जे तोंडी सांगितले जाते, ते येथून येते.

मग अल्फा १५ ऐवजी शून्याजवळ का ठेवत नाहीत? कारण एसी व्होल्टेज थोडे पडताच डीसी व्होल्टेज वर ढकलायला काहीतरी शिल्लक हवे. अल्फा आधीच पाच अंशांवर असेल तर रेक्टिफायरकडे करंट सांभाळण्यासाठी जागाच उरत नाही. पाच अंशांच्या खाली तर सगळे थायरिस्टर एकसाथ खात्रीने पेटतील इतके व्होल्टेज नसते. ट्रान्सफॉर्मरचे वेढे कमी-जास्त करणारा टॅप चेंजर अल्फाला पुन्हा आपल्या पट्ट्यात आणतो खरा, पण त्याला काही सेकंद लागतात आणि अल्फाला मिलिसेकंद. इन्व्हर्टरकडचा गॅमाही असाच व्हॉल्व्ह विझण्यासाठी राखलेला वेळ आहे. म्हणजे ज्या राखीव अंशांवर नियंत्रण उभे आहे, त्याच अंशांची किंमत आपण मेगाव्हारमध्ये मोजतो.

ही किंमत सर्वात उघड दिसते ती कमी व्होल्टेजवर लाइन चालवताना. इन्सुलेटरवर धूळ किंवा क्षार साचला असेल, तर फ्लॅशओव्हर टाळण्यासाठी लाइन ८० टक्के व्होल्टेजवर चालवण्याची सोय असते. पॉवर फॅक्टर जवळजवळ प्रत्यक्ष डीसी व्होल्टेज आणि नो-लोड डीसी व्होल्टेज (करंट आणि अल्फा दोन्ही शून्य असतानाचे) यांच्या गुणोत्तराइतका असतो. टॅप न हलवता, केवळ अल्फा वाढवून व्होल्टेज ८० टक्क्यांवर आणले आणि करंट तोच ठेवला, तर ०.८८ चा पॉवर फॅक्टर ०.७१ होतो. आता १५०० ऐवजी १२०० मेगावॉट जातात, आणि त्यासाठी मेगाव्हारही १२०० लागतात. मेगावॉट उतरले आणि मेगाव्हार दीडपट झाले. टोकाची अवस्था अल्फा ९० अंशांची: ॲक्टिव्ह पॉवर शून्य आणि रिॲक्टिव्ह कमाल. म्हणून कमी व्होल्टेजवर जाताना टॅप शक्य तितका खाली घेतात आणि बहुधा करंटही उतरवतात.

हे मेगाव्हार पुरवायचे कोणी? सुदैवाने स्टेशनाला फिल्टर लागतातच. ३० अंशांच्या फरकाने जोडलेल्या दोन ब्रिजचा बारा-पल्स कन्व्हर्टर एसी बाजूला ११, १३, २३, २५ या क्रमाचे हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तितक्या पटीचे करंट, सोडतो, आणि ते गाळणारे फिल्टर मूळ फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरसारखे वागून मेगाव्हार देतात. उरलेली तूट साध्या शंट कपॅसिटरने भरतात. समजा, १२० मेगाव्हारच्या सात बँका आहेत, म्हणजे एकूण ८४०. पूर्ण लोडला हिशेब जुळला.

खरी कसोटी लागते कमी लोडवर, आणि नवे अभियंते नेमके तेच दुर्लक्षितात. पॉवर १५० मेगावॉटवर उतरली की ओव्हरलॅप तीन-चार अंशांवर येतो आणि मागणी साधारण ४५ मेगाव्हार उरते. पण हार्मोनिकसाठी किमान दोन बँका चालू ठेवाव्याच लागतात, म्हणजे २४० मेगाव्हार. जवळजवळ १९५ मेगाव्हार ग्रिडमध्ये ढकलले जातात आणि तेही रात्री, जेव्हा एसी लाइनवर भार कमी असल्याने व्होल्टेज आधीच चढलेले असते. येथे शंट रिॲक्टर, म्हणजे मेगाव्हार खाणारी कॉइल, घालतात, किंवा मुद्दाम अल्फा वाढवून कन्व्हर्टरलाच जास्त मेगाव्हार खायला लावतात. दुसरा उपाय मला फार आवडतो, कारण त्याला नवे उपकरण लागत नाही. पण अल्फा वाढला की व्हॉल्व्हच्या स्नबर, म्हणजे व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या, सर्किटमधील उष्णता वाढते आणि डीसी व्होल्टेजही उतरते, म्हणून त्याला मर्यादा आहे.

१५० वरून १५०० मेगावॉटपर्यंतचा रॅम्प कंट्रोल रूममध्ये बसून पाहावा. मागणी वाढत जाते तसे ग्रिडशी होणारी देवघेव ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागते आणि तिसऱ्या बँकेचा ब्रेकर जोडला जाऊन ती बँक आत येते. बसची शॉर्ट सर्किट लेव्हल (शॉर्ट झाल्यास ग्रिड किती पुरवू शकते याचे माप, म्हणजे ग्रिडची ताकद) ४५०० एमव्हीए असेल तर १२० मेगाव्हारच्या एका बँकेने व्होल्टेज एकदम सुमारे २.७ टक्क्यांनी उसळते. चांगला कंट्रोलर त्याच क्षणी अल्फा थोडा वाढवून ती उसळी गिळतो आणि मग सावकाश मूळ जागी आणतो. मागोमाग टॅप चेंजरचा एखादा टप्पा हलतो. रॅम्प चालू असेपर्यंत हेच चक्र पुन्हा पुन्हा फिरते. उघडलेली बँक लगेच परत घेता येत नाही, तिचे कपॅसिटर डिस्चार्ज होईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. म्हणून बँक आत घेण्याची आणि बाहेर काढण्याची मर्यादा यांत पुरेसे अंतर ठेवावे लागते. ते कमी ठेवले तर पॉवर थोडी वर-खाली होताच ब्रेकर उघडझाप करत राहतात.

ग्रिड कमकुवत असेल तर प्रश्न गंभीर होतो. शॉर्ट सर्किट लेव्हल भागिले डीसी पॉवर हे गुणोत्तर आपल्या उदाहरणात ४५०० भागिले १५००, म्हणजे ३ आहे. पण ८४० मेगाव्हारचे कपॅसिटर बसची ताकद कमी करतात. ते वजा करून परिणामी गुणोत्तर २.४ येते. साधारणपणे तीनच्या वर ग्रिड मजबूत, दोन ते तीन कमकुवत आणि दोनच्या खाली अतिशय कमकुवत मानतात. कपॅसिटरची रिॲक्टिव्ह पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून व्होल्टेज दहा टक्के पडले की ८४० मेगाव्हारचे ६८० उरतात. त्याच वेळी कंट्रोलर कॉन्स्टंट पॉवरवर असेल तर पडलेल्या डीसी व्होल्टेजची भरपाई करण्यासाठी तो करंट वाढवतो, त्याने मागणी आणखी वाढते आणि व्होल्टेज आणखी पडते. एका बिंदूनंतर करंट वाढवला तर पॉवर वाढण्याऐवजी घटते. अशा ठिकाणी आणखी कपॅसिटर जोडणे म्हणजे रोग वाढवणे आहे. तेथे सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे भाराविना फिरणारे सिंक्रोनस मशीन, लावावा, कारण तो मेगाव्हार देतो आणि शॉर्ट सर्किट लेव्हलही वाढवतो. व्होल्टेज पडताच करंटचा आदेश आपोआप खाली आणणारी सोय कंट्रोलमध्ये असतेच. तिची सेटिंग ग्रिड पाहून ठरवावी, जुन्या प्रकल्पातून उचलू नये.

इन्व्हर्टरच्या एसी बाजूला दोष होऊन व्होल्टेज पडले किंवा त्याचा फेज सरकला, की गॅमा आकसतो, विझायला हवा तो व्हॉल्व्ह पुन्हा वाहू लागतो आणि ब्रिजमधून डीसी बाजू शॉर्ट होते. या कॉम्युटेशन फेल्युअरमध्ये ॲक्टिव्ह पॉवर क्षणभर नाहीशी होते. रिॲक्टिव्हची उलटी बाजू दिसते ती कन्व्हर्टर पूर्ण ब्लॉक झाल्यावर, म्हणजे व्हॉल्व्ह पेटवणे थांबवल्यावर: खाणारा गेला आणि ८४० मेगाव्हार देणारे बसवर तसेच राहिले. आपल्या बसवर त्याने व्होल्टेज वीस टक्क्यांहून अधिक चढू शकते, म्हणून फिल्टर झटपट उघडण्याचा क्रम संरक्षणात आधीच बसवलेला असतो.

आतापर्यंतचे सगळे थायरिस्टरच्या कन्व्हर्टरविषयी होते. व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टरने हे बंधन तोडले. त्यातला आयजीबीटी हा सेमीकंडक्टर स्विच हवा तेव्हा बंद करता येतो, त्यामुळे करंट व्होल्टेजच्या मागे किंवा पुढे, कोठेही ठेवता येतो. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ३ मेगावॉटची चाचणी लाइन चालली, १९९९ मध्ये गॉटलंड बेटावर ५० मेगावॉटची व्यावसायिक लाइन आली, आणि २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ४०० मेगावॉटच्या केबलने मॉड्युलर मल्टिलेव्हल (अनेक छोट्या मॉड्यूलनी पायरीपायरीने व्होल्टेज घडवणारी) रचना प्रत्यक्षात आणली. हा कन्व्हर्टर स्वतःचे एसी व्होल्टेज तयार करतो आणि एका रिॲक्टरमधून ग्रिडला जोडलेला असतो. म्हणजे एसी लाइनचे जे सूत्र आपण सुरुवातीला सोडून आलो, ते येथे स्टेशनाच्या आत परत येते: अँगल हलवला की ॲक्टिव्ह पॉवर, माप हलवले की रिॲक्टिव्ह. डीसी व्होल्टेजची पोलॅरिटी कायम राहते आणि दिशा बदलताना करंट उलटतो. एक टोक डीसी व्होल्टेज धरते, दुसरे मेगावॉट धरते, आणि रिॲक्टिव्ह पॉवर दोन्ही टोके एकमेकांना न विचारता ठरवू शकतात. लाइन दुरुस्तीसाठी बंद असली तरी स्टेशन आपल्या ग्रिडला मेगाव्हार देऊ किंवा घेऊ शकते.

हे स्वातंत्र्य अमर्याद मात्र नाही. मर्यादा असते ती एकूण करंटची. १००० एमव्हीएच्या कन्व्हर्टरवर ९०० मेगावॉट जात असतील तर ४३६ मेगाव्हार मिळतात, ९५० मेगावॉटला ३१२, आणि १००० मेगावॉटला शून्य. शिवाय ग्रिडचे व्होल्टेज चढलेले असेल तर कन्व्हर्टरला त्याहून उंच व्होल्टेज करता येत नाही आणि मेगाव्हार देण्याची क्षमता घटते. घेण्याची मात्र राहते. ग्रिडमध्ये दोष असताना करंट कशासाठी खर्च करायचा, हे आधीच ठरवावे लागते. बहुतेक ग्रिड कोड रिॲक्टिव्हला प्राधान्य देतात. मग घेणारे टोक मेगावॉट बाहेर टाकू शकत नाही, पण पाठवणारे टोक ते ढकलतच असते. मॉड्युलर कन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये एमव्हीएमागे साधारण ३० ते ४० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे पूर्ण पॉवरच्या ३०-४० मिलिसेकंदांची. तेवढ्यात पाठवणाऱ्या टोकाने आदेश उतरवला नाही, तर डीसी व्होल्टेज धोकादायक चढते. समुद्रातील पवनचक्क्यांकडून येणारी पॉवर इतक्या लवकर थांबवता येत नाही, म्हणून अशा लाइनवर जादा ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणारा चॉपर बसवतात.

शेवटी, मीटर वाचताना एक काळजी घ्यावी. ग्रिडच्या बाजूचा मीटर कन्व्हर्टरची मागणी आणि फिल्टरचा पुरवठा यांतील फरक दाखवतो. १५०० मेगावॉटवर तो ४० मेगाव्हार ग्रिडकडे जाताना दाखवत असेल, तर त्यामागे ८०० खाणारे आणि ८४० देणारे उभे आहेत हे त्यावरून कळत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर फीडरचे आणि प्रत्येक फिल्टर बँकेचे मेगाव्हार वेगळे नोंदवावेत आणि त्यांच्याशेजारी अल्फा, गॅमा व टॅपची स्थिती लिहावी. अल्फा आणि टॅप ठरलेल्या पट्ट्यात असताना एखाद्या बँकेचा आकडा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बसत नसेल, तर आधी त्या बँकेतील कपॅसिटर युनिट तपासावीत.